रात्रभर इंजिन चालू ठेवता का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पिकअप ट्रकच्या हौद्यावर कॅनपी, म्हणजे पत्र्याचं बंदिस्त छप्पर, बसवायची, आत अंथरूण घालायचं, बर्फाने भरलेल्या डोंगरवाटेने झेपेल तितकं वर जायचं आणि पारा उणे १५ ला उतरलेला असताना तिथेच झोपायचं, असं कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग रात्रभर इंजिन चालू ठेवून हीटर लावता का?’

नाही. अर्ध्या तासासाठीसुद्धा नाही. एवढं ठासून सांगते, कारण हा प्रश्न विचारणाऱ्यांतले बरेच जण पुढच्या हिवाळ्यात स्वतः निघणार असतात.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवेत तो थोडासाच असला तरी रक्तात साठत जातो. जागेपणी डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, गरगरतं, आणि माणूस दार उघडून बाहेर पडतो. झोपलेल्याला यातलं काहीच कळत नाही. कोरड्या जमिनीवर धूर निदान मोकळा निघून तरी जातो. बर्फ पडत असेल किंवा वारा भुरभुरीत बर्फ वाहून आणत असेल, तर थांबलेल्या गाडीच्या सायलेन्सरचं तोंड बघता बघता बुजतं. मग धूर गाडीच्या पोटाखाली कोंडतो आणि मिळेल त्या फटीतून वर येतो. हौदा आणि कॅनपीच्या सांध्यात, मागच्या फाळक्याच्या कडेला अशा फटी असतातच. गॅसच्या शेगडीचंही तेच. बंद जागेत ‘झोप लागेपर्यंत पेटती ठेवू’ म्हणून ठेवलेली शेगडी हवेतला ऑक्सिजन खाते, तो कमी पडला की अर्धवट जळते आणि तोच वायू सोडते.

डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर ही वेगळी चीज आहे, आणि तो माझ्या गाडीत आहे. त्याची ज्वाला बंद डब्यात जळते. जळायला लागणारी हवा तो बाहेरून घेतो, धूरही नळीने बाहेरच सोडतो, आत येते ती फक्त तापलेल्या धातूवरून फिरलेली हवा. दोन किलोवॅटचा हीटर तासाला साधारण ०.१ ते ०.२५ लीटर डिझेल घेतो. पंख्याला वीज थोडीच लागते, पण पेटताना त्यातला ग्लो प्लग, म्हणजे इंधन पेटवणारी विजेवर तापणारी कांडी, काही मिनिटं दहा अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि अशक्त बॅटरी नेमकी तिथेच दगा देते. त्याच्या धुराची नळीही बर्फाखाली जाता कामा नये, म्हणून झोपण्याआधी तिच्याभोवतीचा बर्फ फावड्याने हात-दीड हात लांबवर साफ करते. डोक्याजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असतो. या दोन गोष्टी नसतील तर हा हीटरही लावू नका.

आणि एवढं असूनही मी अंथरूण घालते ते हीटर पहाटे तीनला बंद पडणार असं धरूनच. बॅटरी बसेल, नळीत काजळी धरेल, काहीही होईल. तसं झालं तरी सकाळपर्यंत झोप लागली पाहिजे. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. रात्री ऊब तयार करत बसायचं नसतं, अंगात आहे ती जाऊ द्यायची नसते. आणि त्याची सगळी तयारी उजेड असतानाच करायची असते.

थंडी वरून येते असं वाटतं, म्हणून लोक जाड स्लीपिंग बॅग घेतात आणि खाली पातळ सतरंजीसारखं काहीतरी टाकतात. पण अंगाखाली दबलेली पिसं किंवा तंतू ऊब धरत नाहीत, कारण त्यांच्यात अडकलेली हवाच निघून गेलेली असते. त्यात हौद्याचा पत्रा, आणि त्या पत्र्याखालून वाहणारं वारं. चटईच्या उष्णतारोधाला आर-व्हॅल्यू म्हणतात. बर्फात ती पाचच्या वर हवी. एकावर एक दोन चटया घातल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणून मी खाली फोमची आणि तिच्यावर हवा भरायची चटई घालते. हवेची फुटली तरी फोमची उरते. स्लीपिंग बॅग घेताना त्यावरचे दोन आकडे नीट वाचा. ‘कम्फर्ट’ म्हणजे ज्या तापमानाला निवांत झोप लागते ते, आणि ‘लिमिट’ म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निभते ते. दुकानात मोठ्या अक्षरात बहुधा दुसराच आकडा असतो. बॅग घ्यायची ती पहिल्यावरून.

आता ओलावा. थंडीबद्दल सगळे विचारतात, याबद्दल कुणीच विचारत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच असते. झोपलेलं माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण पेलाभर पाणी हवेत सोडतं. दोघं असतील तर दोन पेले. ते जाणार कुठे? कॅनपीच्या गार पत्र्याला लागून ते थेट गोठतं. पहाटे टॉर्च वर धरला की छतावर पांढऱ्या सुयांचा दाट थर दिसतो. कूस बदलताना कोपर लागलं तर त्याचा भुगा मानेवर पडतो. तो गोठलेला असेपर्यंत ठीक. ऊन पत्र्यावर आलं की दहा मिनिटांत सगळं ठिबकायला लागतं आणि अंथरूण भिजतं. पिसांची बॅग ओली झाली की पिसं चिकटतात, फुगत नाहीत, आणि दुसऱ्या रात्री तीच बॅग निम्म्यानेही ऊब देत नाही. पहिली रात्र बहुतेक जण काढतात. बेत फसतो तो दुसऱ्या रात्री, या ओलाव्यामुळे.

म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या रात्रभर दोन-दोन बोटं उघड्या ठेवते, एक वाऱ्याच्या आडोशाला, एक तिच्या विरुद्ध कोपऱ्यात. फटीफटीत कपडे कोंबून जागा हवाबंद करावीशी वाटते, पण तसं केलं की आतला दमटपणा वाढतो आणि जास्तच गारठायला होतं. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपायचं नाही, टोपी घालायची आणि नाक बाहेर ठेवायचं. बुटांचं आतलं अस्तर आणि हातमोजे बॅगेत पायाशी ठेवायचे, नाहीतर सकाळी ते लाकडासारखे कडक होतात. पहाटे ऊन यायच्या आत फडक्याने छत खरवडून तो सगळा भुगा बाहेर टाकायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं तर दिवसभर ओल्यात वावरायचं.

रात्र कशी जाणार हे खरं तर दुपारी जागा निवडतानाच ठरतं. उतारांकडे बघायला मी सगळ्यात जास्त वेळ देते. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. आपण सपाटीवर उभे आहोत एवढ्यावर निर्धास्त राहू नका, वरचा उतार सुटला तर बर्फ सपाटीवरही बराच पुढे येतो. वाऱ्याने पलीकडचा बर्फ आणून टाकलेली बाजू, नुकताच झालेला जोराचा हिमवर्षाव, पाय टाकताच ‘धप्प’ असा आवाज होऊन खचणारा थर, पावलांपासून लांबवर जाणारी चीर, यातलं काहीही दिसलं तर त्या उताराखाली थांबायचं नाही, चहापुरतंसुद्धा नाही. दाट झाडीत मधेच वरपासून खालपर्यंत झाडं नसलेला सरळ पट्टा दिसला, तर तो बर्फाच्या येण्याजाण्याचा रस्ता असतो. तिथे गाडी लावायला छान सपाट जागा असते खरी, पण का असते ते आता तुम्हाला कळलं.

दरीच्या तळाशीही नको. निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खोलगट भागात साठते. तळापासून थोडं वर, झाडांच्या आडोशाला थांबलं तर काही अंशांचा फरक पडतो, आणि तोही फुकट.

जागा सापडायला उजेड हवा, म्हणून सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी वर चढणं थांबवायचं. पुढचं वळण कितीही खुणावत असू दे. बर्फात चाकं सुरुवातीपासून घसरत असतील तर त्याचं पहिलं औषध टायरमधली हवा. डांबरी रस्त्यावर ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर बर्फात मी ती १८ पर्यंत उतरवते, फार भुसभुशीत असेल तर आणखी खाली. टायर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं, आणि गाडी रुतण्याऐवजी वरून चालते. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब आपोआप सुमारे एक पीएसआय घटतो, तेव्हा मोजणं तिथेच करायचं, घरी नाही. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं झालं की लगेच पाय उचला. फिरणारं चाक खालचा बर्फ घासून त्याची काच करतं आणि खड्डा खणतं. मग गाडीचं पोट बर्फावर टेकतं आणि तास-दोन तास फावडं मारावं लागतं. स्वतःच्याच चाकोरीतून मागे या, थोडा वेग घ्या, पुन्हा बघा. दोनदा जमलं नाही तर ती जागा आजची शेवटची समजायची. वाटेची बाहेरची कड शक्यतो टाळा, बर्फ दरीवर छज्जासारखा पुढे आलेला असतो आणि खाली जमीन आहे की हवा हे वरून दिसत नाही. आडव्या उतारावर मागचा डिफ-लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी कळ) लावू नका, दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीची शेपटी खालच्या बाजूला जाते. एकट्या गाडीने जाऊच नका. आणि ओढून काढायची वेळ आली तर दोर गाडीमागच्या, ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला कधीही अडकवू नका. तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो, आणि त्याने माणसं मेली आहेत.

गाडी लावताना तोंड परतीच्या दिशेने. तापलेले टायर खालचा बर्फ वितळवतात आणि रात्री त्याच पाण्यात गोठून धरले जातात, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबून गाडी हातभर पुढे घ्यायची आणि मग इंजिन बंद करायचं. हँडब्रेक ओढायचा नाही, तोही गोठतो. गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. वायपर काचेवरून उचलून ठेवायचे. डिझेलची गाडी असेल तर वर जाण्याआधी टाकीत थंडीचं डिझेल हवं. साध्या डिझेलमधलं पॅराफिन थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो, त्यानंतर औषध ओतून उपयोग नसतो. राहण्याच्या भागासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर ती शून्याखाली चार्ज करायची नाही. आत लिथियम धातूचा थर साचतो आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. ती पत्र्यापाशी नाही, अंथरुणाच्या बाजूला ठेवायची.

पाण्यासाठी बर्फ वितळवायला शेगडी लागतेच, आणि ती बाहेर, फाळक्यावर पेटवायची. ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच वायू व्हायचा थांबतो. म्हणून नुसत्या ब्युटेनचा डबा इथे मुका बसतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. भांड्यात आधी थोडं पाणी घालून मगच बर्फ टाका. पाण्याशिवाय नुसता बर्फ टाकला तर खालचं पाणी वरचा थर शोषून घेतो, बूड कोरडं पडून करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. ताजा बर्फ भांडंभर घेतला तर तळाशी जेमतेम बोटभर पाणी होतं, तेव्हा हे काम अंधार पडायच्या आत सुरू करायचं. झोपताना गरम पाण्याची बाटली, झाकण दोनदा तपासून, मांड्यांमध्ये ठेवायची. तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. या एका बाटलीने मला हीटरशिवाय पहाटेपर्यंत गाढ झोप लागलेली आहे, आणि इंजिन चालू ठेवायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी तीच घ्यायला सांगते.

सकाळी किल्ली फिरवण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं, आतल्या सगळ्यांना बाहेर काढायचं, मगच इंजिन सुरू करायचं. निघायचं ते ऊन वर यायच्या आत, रात्री घट्ट झालेला बर्फ गाडी पेलतो तोवर. दुपारी तोच बर्फ मऊ होऊन चाकं गिळतो, आणि वरचे उतारही तेव्हाच सुटू लागतात. खाली डांबरी रस्त्याला लागलात की थांबून टायरमध्ये हवा भरा. १८ पीएसआयवर वेगाने पळवलेला टायर आतून तापून फुटतो, म्हणून कॉम्प्रेसर सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा.