दप्तरभर नावं

शाळा सुरू होऊन आठवडा नाही झाला, तोच दोन पेन्सिली आणि डब्याचं झाकण गायब! नावाचे छापील स्टिकर ऑनलाइन बघितले, किंमत बघून गुपचूप ॲप बंद केलं.

मग आज दुपारभर घरगुती कारखाना. मेडिकलमधून मलमपट्टीची कागदी चिकटपट्टी आणली. तिच्यावर बॉलपेननं छान लिहिता येतं, वरून सेलोटेप मारली की कंपासपेटी झाली. पेन्सिलीचं मागचं टोक ब्लेडनं जरासं तासून तिथे लेकीची आद्याक्षरं लिहिली. आमचे बाबा असंच करायचे. बाटलीवरचं मार्करचं नाव दोन घासण्यांत गेलं होतं, म्हणून यंदा नेलपॉलिश. रंग लेकीनं निवडला, अर्थातच जांभळा. रेनकोटला आतून कॉलरपाशी लाल दोऱ्याचे टाके.

डब्याचा प्रश्न आईनं सोडवला. माळ्यावरून माझा जुना स्टीलचा डबा काढला. भांडीवाल्यानं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं माझं नाव अजून जसंच्या तसं. लेक म्हणाली, "पण हे तर तुझं नाव आहे!" आजी म्हणाली, "मग हरवणार नाही."

खोडरबरवरही हौसेनं नाव घातलं होतं. गृहपाठ संपेपर्यंत त्यातलं पहिलं अक्षर खोडून झालंय.