दहा पौंड कमी: एका गँगस्टरपटाची पहिली दोन मिनिटं

ब्रिटिश गँगस्टरपटात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती आवाज न चढवता बोलणाऱ्या माणसाची. तो समोरच्याला बसायला सांगतो, आईची तब्येत विचारतो, चहात साखर किती म्हणतो, आणि त्या आगतस्वागतातच समोरच्याला कळून चुकतं की आपलं काही खरं नाही. लंडनमध्ये फिल्ममेकिंगचं मास्टर्स करताना आम्हाला एका काल्पनिक चित्रपटाची पहिली दोन मिनिटं, श्रेयनामावलीसकट, करायची होती. जॉनर निवडायची मोकळीक होती. मी हाच मागून घेतला, आणि सगळी टर्म जीव त्यातच अडकला.

गोष्ट एवढीशीच. पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनला, रेल्वेच्या कमानीखालचं एक गॅरेज. सकाळची वेळ. अंगाबरोबर बसलेला सूट घातलेला एक म्हातारा टेबलाशी वहीत हिशेब मांडतोय. विशीतला एक मुलगा आठवड्याच्या वसुलीचं पाकीट घेऊन येतो. म्हातारा नोटा मोजतो. दहा पौंड कमी भरतात. रक्कम मी हट्टाने छोटी ठेवली. दहा हजार कमी पडले असते तर कथा चोरीची झाली असती. दहा कमी पडले की प्रश्न उरतो तो या मुलावर विश्वास ठेवायचा की नाही एवढाच. चित्रपटाचं नाव ठेवलं 'टेनर'. दहाच्या नोटेला इथे रस्त्यावर तेच म्हणतात.

गटात पहिली चर्चा झाली ती बंदुकीची. गँगस्टरपट आणि बंदूक नाही, हे कुणाला पटेना. माझं म्हणणं होतं की या देशात बंदुकीचं वजनच वेगळं आहे. ब्रिटनमधले बहुतेक पोलीस बिनबंदुकीचे फिरतात. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर १९९७ च्या कायद्यांनी खासगी हँडगनवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. अशा ठिकाणी पहिल्याच मिनिटाला टेबलावर पिस्तूल आलं तर प्रेक्षक ती जागा विसरतो आणि त्याला दुसरे सिनेमे आठवायला लागतात. शिवाय कायदा आहेच. १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे सार्वजनिक जागी योग्य कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणं हाही गुन्हा आहे. चित्रीकरण हे कारण चालू शकतं, पण त्यासाठी पोलिसांना आधी कळवायचं, नकली बंदूक झाकून न्यायची, कॅमेरा बंद झाला की लगेच आत ठेवायची. खिडकीतून कुणी ती पाहिली आणि फोन केला तर सशस्त्र पोलिसांची तुकडी येते, आणि त्या तुकडीला ती खेळण्यातली आहे हे माहीत नसतं. आमच्यासोबत काम करणाऱ्या सत्तरीतल्या नटाला त्या परिस्थितीत उभं करायला मी तयार नव्हते. बंदूक गेली. तिच्या जागी चहाची किटली आली.

म्हाताऱ्याचा सूट कुठून आला तेही सांगते. १९६५ मध्ये छायाचित्रकार डेव्हिड बेलीने पूर्व लंडनचे कुख्यात गँगस्टर क्रे बंधू यांचे फोटो काढले होते. रॉनी आणि रेजी, १९३३ साली जन्मलेली जुळी भावंडं. मागे कोरी पांढरी भिंत, पुढे काळे सूट, घट्ट टाय आणि सरळ कॅमेऱ्यात रोखलेली नजर. फोटोत हिंसा कुठेच नाही, आहे तो नेटकेपणा, आणि पाहणाऱ्याला धडकी भरते ती त्यानेच. पुढच्याच वर्षी, ९ मार्च १९६६ ला, रॉनीने व्हाइटचॅपलच्या 'ब्लाइंड बेगर' पबमध्ये जॉर्ज कॉर्नेल या दुसऱ्या टोळीतल्या माणसाला गोळी घालून ठार केलं. १९६९ मध्ये दोघांनाही जन्मठेप झाली. तो पब अजून चालू आहे, आणि लोक तिथे फोटो काढून घ्यायला येतात. आमचे मुख्य नट त्याच भागात वाढलेले. ते म्हणाले, "इथे अजून लोक सांगतात, आईला फार जपायची ती दोघं." मला ते ऐकून त्रासच झाला. कॉर्नेललाही कुणीतरी आई होतीच की. पण संवाद लिहिताना त्याच वाक्याचा उपयोग झाला. आमचा म्हातारा मुलाला पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न आईबद्दलचा आहे, आणि तो मनापासून विचारतो. नटाला मी एवढंच सांगितलं होतं की हा धमकी देत नाहीये, याला खरंच माहीत करून घ्यायचं आहे. त्यांनी ते असं काही म्हटलं की मॉनिटरसमोर बसलेली आमची ध्वनीवाली मुलगी हेडफोनवरचा हात काढायलाच विसरली.

गॅरेज मिळायला वेळ लागला. या कमानी म्हणजे व्हिक्टोरियन काळातल्या रेल्वे पुलांच्या पोटातल्या विटांच्या खोल्या. वर रूळ, खाली मोटार मेकॅनिक, सुतार, बेकरी, आणि आता क्राफ्ट बिअरवालेही. २०१९ मध्ये नेटवर्क रेलने, म्हणजे इथले रूळ सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीने, अशा सुमारे ५,२०० जागा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने १.४६ अब्ज पौंडांना खासगी गुंतवणूकदारांना विकल्या. भाडेवाढीच्या धास्तीने तेव्हा अनेक जुन्या भाडेकरूंनी एकत्र येऊन विरोध केला. आम्हाला रविवारी गॅरेज देणारे मेकॅनिककाका भाड्याबद्दल बोलायला लागले की थांबतच नसत. त्यांचं ऐकता ऐकता माझ्या म्हाताऱ्याला भूतकाळ मिळाला. हा माणूस चाळीस वर्षं इतरांकडून हप्ता घेत आला आणि आता त्याच्याकडून कुणी कायदेशीरपणे जास्त घेतंय. ब्रिटिश गँगस्टरपटाला जमिनीच्या भावाचं वेड जुनंच आहे. १९८० च्या 'द लाँग गुड फ्रायडे'मध्ये बॉब हॉस्किन्सचा डॉन लंडनच्या ओसाड पडलेल्या गोद्यांवर नवं शहर उभारायची स्वप्नं बघतो. १९८१ मध्ये सरकारने डॉकलँड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन खरोखरच काढलं आणि दहा वर्षांत त्याच गोद्यांच्या जागी कॅनरी व्हार्फचा मनोरा उभा राहिला. आमच्या दोन मिनिटांत हे सगळं बोलायला जागा नव्हती. टेबलावर भाडेवाढीचं न फोडलेलं पत्र ठेवलं, एका शॉटमध्ये ते कपाखाली दिसतं.

आता ट्रेन. कमानीत शूटिंग म्हणजे डोक्यावरून दर थोड्या वेळाने गाडी जाणार, भिंती थरथरणार, संवाद वाया जाणार. ध्वनीवालीने स्पष्ट सांगितलं की बोलणं स्वच्छ मिळणार नाही, नंतर डब करावं लागेल. मी पटकथेतच ट्रेन लिहून टाकली. म्हातारा बोलत असतो, गाडी येते, तो वाक्याच्या मध्येच थांबतो. वर बघत नाही, चिडत नाही, ती जाईपर्यंत नुसता थांबतो. मुलालाही थांबावं लागतं. गाडी गेल्यावर तो वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचलतो. चाळीस वर्षं याच खोलीत बसलेला माणूस असाच बोलेल. माझ्या मते आमच्या कामातली सगळ्यात चांगली जागा ती आहे, कारण त्या शांततेत मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याच संवादात आलं नसतं. प्रत्यक्षात गाडीची वेळ साधायला एक जण बाहेर फोन घेऊन उभा असे आणि गाडी दिसली की आतल्याला कळवत असे.

प्रकाशाचं थोडक्यात. ट्यूबलाइट गॅरेजचीच ठेवली. इथे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवलं की ती लुकलुकत नाही. डिसेंबरात लंडनला चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळच्या उजेडातले शॉट्स आधी उरकावे लागले. बाकी सगळं दरवाजातून येणाऱ्या करड्या उजेडावर भागलं.

नोटांनी मात्र मला खूप शिकवलं. परवानगीशिवाय नोटांची नक्कल छापणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून गड्डीला वर आणि खाली खऱ्या नोटा आणि मध्ये कापलेले कोरे कागद, असं केलं. प्रत्यक्ष मोजायच्या सगळ्या नोटा मात्र खऱ्या, सगळ्यांच्या खिशातून जमवलेल्या. दहाची नोट २०१७ पासून प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरची आहे. कागदी वीस आणि पन्नासच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालेनाशा झाल्या. आमचे नट बोट जिभेला लावून नोटा मोजायला लागले, त्यांच्या पिढीची सवय. कागदी नोटेला ते ठीक होतं. पॉलिमरच्या कोऱ्या करकरीत नोटा एकमेकींना चिकटतात, घडी घातली तर उसळून उघडतात. मोजता मोजता खरोखरच दोन नोटा एकत्र गेल्या, आणि मला दृश्य सापडलं. मूळ पटकथेत मुलगा गप्प बसत होता. आता तो म्हणतो, "दोन चिकटल्या असतील." म्हातारा गड्डी त्याच्याकडे सरकवतो: "मग तू मोज." मुलगा मोजतो. आता प्रेक्षक मुलाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, नोटांच्या कडांकडे बघतो. आपणही त्याच्याबरोबर मोजायला लागतो. खरंच कमी आहेत की नाहीत, हे आम्ही दाखवलं नाही. एडिटिंगमध्ये यावर खूप भांडलो, मी ऐकलं नाही.

श्रेयनामावली म्हाताऱ्याच्या वहीत आहे. डाव्या रकान्यात नावं, उजवीकडे आकडे. नटांची, कॅमेऱ्याची, संपादनाची नावं निळ्या शाईने एकाखाली एक, बाकीची वसुली जशी लिहिलेली असते तशीच. ज्यांचा हिशेब चुकता झाला त्यांच्या नावावर रेघ. अक्षर आमच्या नटांचंच आहे, त्यांनी एका संध्याकाळी बसून सगळी पानं लिहून दिली. वेगळ्या काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं दाखवली असती तर त्या सेकंदांपुरता सिनेमा थांबला असता.

संगीत गॅरेजचं शटर खाली येईपर्यंत नाही. शटर आपटतं, पडदा काळा होतो, नाव येतं, तेव्हा एकच डग्गा वाजतो. ही कल्पना कुठून आली तर १९७१ च्या 'गेट कार्टर' या ब्रिटिश गँगस्टरपटातून. मायकेल केन लंडनहून न्यूकॅसलला ट्रेनने निघतो, आणि संगीतकार रॉय बडच्या त्या शीर्षकसंगीतात हार्प्सिकॉर्डच्या, म्हणजे पियानोसारख्या एका जुन्या वाद्याच्या, जोडीला चक्क तबला आहे, ख्रिस करनने वाजवलेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं होतं. इतक्या इंग्रजी, इतक्या थंड चित्रपटात तो इतका सहज बसलाय की मला परवानगी मिळाल्यासारखं वाटलं. आमच्या वर्गातल्या बासिस्टने आधी डबल बासवर काहीतरी रचलं होतं, सुंदर होतं, पण पबसारखं वाटत होतं. डग्ग्याचा घुमारा मात्र विटांच्या कमानीतूनच निघाल्यासारखा येतो. मिक्सिंगच्या वेळी सगळे म्हणत होते, शीर्षक आहे, मोठा ठेव. मी तो ट्रेनच्या आवाजापेक्षा खालीच ठेवला.