तांब्याची तार आणि चार प्रश्न

कूलरच्या मोटारीत तार तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघते, पण वार्निश चढल्यावर कोण खरवडून पाहतो? अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के. म्हणजे त्याच गेजची, म्हणजे जाडीची, अ‍ॅल्युमिनियमची तार जास्त तापणार, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर गेला की मोटार रात्रंदिवस चालते.

माझं इतवारीत रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे आणि मी रोटरी क्लबात, म्हणजे समाजसेवा करणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेत आहे. तिथे चार प्रश्नांची कसोटी आहे: हे खरं आहे का? सगळ्यांना न्याय्य आहे का? यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का? सगळ्यांच्या हिताचं आहे का? ही कसोटी १९३२ साली शिकागोत हर्बर्ट टेलर यांनी लिहिली, मंदीत बुडायला आलेल्या भांड्यांच्या कंपनीसाठी. कंपनीची भांडी अ‍ॅल्युमिनियमची होती आणि ती तशीच सांगून विकली जात. 'सर्वोत्तम' वगैरे शब्द टेलरनी जाहिरातींतून काढून टाकले. रोटरीने ही कसोटी १९४३ मध्ये स्वीकारली.

मला मात्र रोटरीच्या उद्दिष्टांतलं दुसरं कलम जास्त जवळचं वाटतं. प्रत्येक उपयुक्त व्यवसाय मानाचा आहे, असं ते म्हणतं. सर्जन, सीए आणि मी एकाच टेबलावर बसतो, आणि माझ्या धंद्याबद्दल मला मान खाली घालावी लागत नाही.

जानेवारी हा रोटरीत व्यवसाय सेवेचा महिना. तेव्हा कारागिरांना शाल-श्रीफळ देतात; द्यावंच. पण शिकाऊ पोराच्या हातात स्वतःचा मल्टिमीटर आणि पक्कड आली, तर तो पुढच्या सीझनला स्वतःच्या पायावर उभा राहतो. क्लबने पैसा तिथे जास्त लावावा, हे मी बैठकीत ठासून सांगतो.

माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरानं विचारलं, "भाऊ, गिऱ्हाइकाले आतलं काय समजते?"

"नाही समजत, म्हणून तर बिलावर लिहाचं. तार कोणती, गेज किती, वजन किती."

आता बिलं तोच लिहितो. कोणाला स्वस्तातली अ‍ॅल्युमिनियमचीच हवी असली तर तीही भरून देतो, पण बिलावर तसंच लिहून. जुनी जळालेली तार पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत देतो, कारण भंगारातलं तांबंही त्याचंच असतं.