चाळीस रुपयांची परवानगी

पुस्तिका लिहून झाली गुढीपाडव्याला. छापून हातात आली तेव्हा मृग लागला होता.

नागपूरच्या धरमपेठेत दर रविवारी आम्ही एक परदेशी बोर्ड गेम खेळतो. मूळ खेळ दोघांचा, म्हणून चौघांसाठी मी मराठीत नियम रचले. ३२ पानं झाली. लिहिताना मजा आली, खेळून बघताना भांडणं झाली, ते जाऊ द्या.

गाडी अडली एका शब्दावर. चाहत्यांनी केलेल्या साहित्याला कंपनीची मुभा होती, पण ‘अव्यावसायिक’ असेल तरच. आता झेरॉक्सचे माणशी ४० रुपये घेतले तर तो व्यवसाय का? मेल टाकला. लगेच उत्तर: आपला संदेश मिळाला. यंत्राचं. तीन आठवडे काहीच नाही. दुसरा मेल, पुन्हा यंत्र. मे महिन्यात कूलरसमोर बसून रोज इनबॉक्स उघडायचो. तिसऱ्याला एकदाचं माणसाने उत्तर दिलं, तर काय, ‘कृपया आमच्या अटी वाचा’! अहो, त्यातलंच वाक्य जसंच्या तसं उतरवून मी अर्थ विचारला होता.

मित्र म्हणाला, “काऊन येवढं डोकं लावतं बे? छापून टाक ना. अमेरिकेहून कोन येते बर्डीवर पाहाले?” खरं होतं त्याचं. पण मला पीडीएफही सगळ्यांना द्यायची होती.

चौथ्या मेलमध्ये चारच ओळी लिहिल्या: ५० प्रती, ४० रुपये, नफा शून्य, हो की नाही? दोन दिवसांत उत्तर. नाही. खर्च वसूल केला तरी ती विक्रीच. पहिल्याच दिवशी असं विचारायला हवं होतं.

मग रागाने कायदा वाचला. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण मांडणीला आहे, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात तेच सांगितलं. म्हणजे फासे टाकून किल्ला घ्यायची रीत कोणाच्या बापाची नाही. त्यांची वाक्यं, चित्रं मात्र त्यांची, आणि नाव-बोधचिन्हाचा ट्रेडमार्क वेगळाच. खेळाच्या पत्त्यांवरचा मजकूर, चिन्हं, पात्रांची नावं, सगळं काढलं. २३ पानं उरली. ती माझी.

हो, अटींचं पान वाचाल त्या दिवशीच तारखेसह जपून ठेवा. अटी बदलतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं होऊन गोष्ट रचत खेळायच्या खेळाचा २००० सालापासूनचा खुला परवाना बदलायचा घाट २०२३च्या जानेवारीत घातला गेला होता. खेळाडू खवळले, आणि २७ जानेवारीला ५.१ आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला झाला. श्रेय द्या आणि खुशाल विका. आमच्याच ओळखीतल्या एका पोरीने त्यावर कथा रचून विकली, कोणाला एक मेल न करता. मला हे खेळ निवडण्याआधी कळलं असतं तर!

छापली शेवटी बर्डीवरच, ४० रुपयांतच. मुखपृष्ठावर खेळाचं नाव नाही, त्यामुळे घेणारा प्रत्येक जण विचारतो, हे नियम कशाचे? मी तोंडी सांगतो.