कानाजवळची सुरकुती

कोपनहेगनच्या एका हॉटेलच्या लॉबीत मी गुडघे टेकून खुर्चीखाली डोकं घातलं होतं आणि मुलगी मागून म्हणत होती, "बाबा, लोक बघतायत." बघू देत. 31 वर्षं पुण्यात कुशनचं दुकान चालवलंय. वरून सगळेच सोफे चांगले दिसतात. माल कसा आहे ते खालून कळतं.

ही खुर्ची म्हणजे ‘एग’, अंडं. डॅनिश वास्तुविशारद आर्ने याकोबसेनने 1958 साली याच हॉटेलसाठी केलेली. तेव्हाचं एसएएस रॉयल हॉटेल. इमारत त्याची, खुर्च्या त्याच्या, दिवे, दारांच्या मुठी, जेवायचे काटे-चमचेसुद्धा त्याचेच. (असा गिऱ्हाईक मला मिळाला असता तर मी दुकान विकून पळालो असतो.) 606 नंबरची खोली अजून तेव्हासारखीच राखलीय म्हणे. आम्ही फक्त लॉबीतली कॉफी परवडणारी माणसं.

या खुर्चीशी माझा जुना हिशेब आहे. बारा-पंधरा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक मासिकातलं पान फाडून घेऊन आलं. "हुबेहूब अशी पाहिजे." दुसऱ्याच्या डिझाइनची नक्कल करावी का, हा प्रश्न तेव्हा मनातही आला नाही. आज येतो. फायबरवाल्याकडून कवच ओतून घेतलं, वर फोम चिकटवला. इथवर ठीक. कापड चढवायला घेतलं आणि घाम फुटला.

कारण साधं आहे. सपाट कापड एका दिशेला वळवा, गुमान वळतं. या खुर्चीची पाठ खालून वर वळते आणि तिथेच दोन्ही बाजूंचे कान पुढे येतात. दोन वळणं एकाच जागी आली की कापड कुठेतरी जास्त होतं. फुगलेल्या पुरीवर रुमाल घालून बघा. उरेब, म्हणजे तिरकं, कापून पाहिलं, ओढून पाहिलं. डाव्या कानाजवळची सुरकुती गेली की उजव्या कानाजवळ हजर. तीन मीटर कापड वाया गेलं. शेवटी मी कडेला पट्टी मारून चुका (बारीक खिळे) ठोकल्या आणि ती तशीच दिली. गिऱ्हाइकाने पैसे दिले, पण पुन्हा आलं नाही.

याकोबसेनने आकार कागदावर सोडवला नाही. घरच्या गॅरेजात तार आणि प्लास्टर घेऊन शिल्पासारखा घडवला. कवच फोमचं, साच्यात असं कवच फुगवायची पद्धत तेव्हा नवी होती आणि ती बनवणाऱ्या फ्रिट्झ हान्सन कंपनीकडे होती. आत लाकडी सांगाडा नाही, स्प्रिंगा नाहीत, काथ्या नाही. आमच्या धंद्यातलं निम्मं सामान त्याने एका फटक्यात बाद केलं.

पण कापड कुणी बाद करू शकला नाही. आणि कापड त्याला कळत होतं. 1943 मध्ये डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली तेव्हा तो आणि त्याची बायको योना लहानशा होडीतून वल्ही मारत स्वीडनला गेले. योना कापडछपाई शिकलेली. तिकडे इमारतींची कामं मिळेनात, तर दोघांनी मिळून कापडांची आणि भिंतींच्या कागदांची डिझाइनं केली. माझी मुलगी स्वीडनमधल्या माल्मोला राहते, म्हणजे तीच खाडी मी सकाळी आगगाडीने, पुलावरून, सँडविच खात ओलांडली होती.

तर मी खाली वाकून काय बघत होतो? कड. पुढचं कापड आणि मागचं कापड जिथे भेटतं, तिथे चूक नाही, पट्टी नाही. हाताची शिवण, कानावरून थेट फिरत गेलेली. बोट फिरवलं. सुरकुती नव्हती.

बाहेर आल्यावर आमच्या दुकानातल्या जुन्या कारागिराला, मास्तरांना फोन लावला. आता ते घरीच असतात.

"मास्तर, ती अंड्याची खुर्ची आठवते?"

"तिला कोण विसरेल!"

"खरी बघितली आत्ता. कड हाताने शिवलीय."

पलीकडे जरा वेळ टीव्हीचाच आवाज. मग म्हणाले, "मी तेव्हाच दाभण काढलं होतं शेठ. तुम्ही म्हणालात, वेळ जाईल, चुका मारा."