गाडी ऑइल फेकतेय? पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर बघा

जुन्या ॲम्बेसेडरखाली किंवा पद्मिनीखाली सकाळी ऑइलचा डाग दिसला की कामांचा क्रम ठरलेला असतो. आधी टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग, मग चेंबरचं (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भागाचं), मग पुढचं सील. महिनाभर बरं जातं आणि डाग पुन्हा येतो. मग "बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन काढावं लागेल" हे ऐकायला मिळतं. इंजिन काढण्याचा खर्च मान्य करण्याआधी एक सुट्टीचा दिवस आणि दोन लिटर रॉकेल-डिझेल खर्च करून ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला गॅस बाहेर सोडणारी वाट, तपासा. पॅकिंग हे दाब अडवण्यासाठी बनलेलंच नाही. आत दाब साठला की नवं कॉर्कसुद्धा पाझरतं.

दाब कुठून येतो? पिस्टनच्या रिंगा उत्तम असल्या तरी जळलेल्या गॅसचा थोडा भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याच्यासोबत पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल आंबवणारी आम्लं येतात. हे सगळं बाहेर काढायला जुन्या इंजिनांत साधी सोय असे: ब्लॉकपासून खाली जमिनीकडे जाणारी, टोकाला तिरकी कापलेली नळी. गाडी धावते तेव्हा टोकाजवळून जाणारा वारा गॅस ओढून घेतो आणि ऑइल भरायच्या टोपणाच्या जाळीतून ताजी हवा आत येते. गोम अशी की ही ओढ वेगावर अवलंबून आहे. ताशी 40 किमीच्या खाली ती जेमतेम उरते. पुण्यात कर्वे रोडवर संध्याकाळी सहाला गाडीला हा वेग मिळत नाही, म्हणून शहरात फिरणारं जुनं इंजिन महामार्गावरच्या इंजिनापेक्षा लवकर चिकटतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना 1961 च्या मॉडेलपासून हा गॅस मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या वाटेत) परत ओढणारी पीसीव्ही पद्धत आली, ती हवेतला धूर कमी करण्यासाठी. पण इंजिन आतून स्वच्छ राहण्याचा फायदाही तितकाच मोठा आहे.

ॲम्बेसेडरच्या 1489 सीसी इंजिनात दाबाचा त्रास जास्त जाणवतो. हे तीन मेन बेअरिंगचं बीएमसी बी-सीरीज इंजिन. त्याच्या क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच. तिथे उलट्या आट्या कापलेल्या आहेत आणि त्या फिरताना ऑइल परत आत ढकलतात. आतला दाब थोडा जरी वाढला तरी आट्या हरतात आणि ऑइल फ्लायव्हीलवर जातं. क्लच घसरायला लागतो, प्लेट बदलली जाते आणि ती प्लेटही काही दिवसांत ओली होते. कारण दुसऱ्या जागी आहे.

तपासणीसाठी मीटर विकत आणायची गरज नाही. 6 मिमीची पारदर्शक नळी मीटरभर घ्या, फळीवर यू आकारात बांधा, अर्ध्यापर्यंत पाणी आणि शाईचा थेंब टाका. एक टोक रबराच्या तुकड्याने डिपस्टिकच्या भोकावर घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. इंजिन पूर्ण गरम करून मगच वाचा. खाली जाणाऱ्या नळीच्या गाडीत स्लोवर (रेस न देता इंजिन चालू असताना) दोन्ही बाजूंची पातळी जवळजवळ सारखी राहायला हवी. रेस वाढवल्यावर दोन पातळ्यांमध्ये 25 मिमीपेक्षा जास्त फरक पडून पाणी उघड्या टोकाकडे ढकललं जात असेल तर गॅसला वाट अपुरी आहे. आकडा लिहून ठेवा, सफाईनंतर तो लागणार आहे.

आता सफाई. बी-सीरीजमध्ये डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली दोन साइड कव्हरं असतात आणि ब्रीदरची नळी त्यांपैकी एकाला जोडलेली असते. इंजिन गार असतानाच हात घाला. नळीच्या मुळाशी डबी असेल तर तिच्यातली जाळी सुटी निघत नाही, त्यामुळे कव्हरच काढून रात्रभर रॉकेल-डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी हलवून गाळ ओता, काळं येणं थांबेपर्यंत पुन्हा भरा. पेट्रोल वापरू नका. नुसती हवा मारूनही भागत नाही, चिकट गाळ आतल्या आत दाबून बसतो. ऑइल भरायच्या टोपणाची जाळीही अशीच धुवा आणि कोरडी झाल्यावर तिला ऑइलचा हलका हात फिरवा म्हणजे धूळ चिकटेल. टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी होज असेल तर तिच्यातून फुंकून बघा.

होज बदलताना मात्र हात आखडता घेऊ नका. नाना पेठेत दुकानदार जी पहिली काढून देईल ती बहुधा रेडिएटरची असते. ते रबर ऑइलच्या वाफेने फुगतं, मऊ पडतं आणि आतून बंद होतं. "ऑइलची, नायट्राइल" असं स्पष्ट मागा. होज सतत चढती ठेवा. मध्ये झोळ पडला की त्यात पाणी साचतं आणि तीच बूच होते.

टॅपेट कव्हर काढलं असेल तर परत बसवताना त्याचे दोन नट 4 पाउंड-फूट, म्हणजे साधारण साडेपाच न्यूटन-मीटर, एवढेच. जास्त आवळलं की पत्रा वाकतो आणि कॉर्क मधोमध चिरतं. मग ते सिलिकॉनने भरलं जातं आणि सिलिकॉनचे तुकडे चेंबरमध्ये पडून ऑइल पंपाच्या जाळीला लागतात.

पुन्हा यू-नळी लावा. आकडा पडला असेल तर काम झालं. तसाच राहिला तर आता रिंगांवर संशय घ्यायचा. कॉइलची वायर काढून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. चौघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर, म्हणजे 5 मिली, ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेलं. नाही चढला तर व्हॉल्व्ह, आणि त्याचा चेंबरच्या दाबाशी फारसा संबंध नाही.

रोज शहरातच चालणाऱ्या गाडीला पीसीव्ही व्हॉल्व्ह बसवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. 1300 ते 1600 सीसीच्या चार सिलिंडर पेट्रोल गाडीचा व्हॉल्व्ह घ्या. हलवल्यावर खुळखुळ वाजला पाहिजे, चेंबरच्या बाजूने फुंकल्यावर हवा गेली पाहिजे, मॅनिफोल्डच्या बाजूने अडली पाहिजे. मॅनिफोल्डला भोक कार्बोरेटरच्या थेट खाली, मधल्या भागात पाडा. एकाच सिलिंडरच्या वाटेवर पाडलं तर तेवढा एकच लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतो. मॅनिफोल्ड उतरवूनच ड्रिल करा, नाहीतर बुरा थेट सिलिंडरमध्ये जाईल. जमिनीकडची जुनी नळी अर्थातच बंद करायची. व्हॉल्व्ह न लावता ब्रीदर सरळ मॅनिफोल्डला जोडायचा शॉर्टकट कोणी सुचवला तर नकार द्या: स्लोवरचा पूर्ण व्हॅक्यूम ऑइल ओढतो, प्लग काळे पडतात, निळा धूर सुरू होतो आणि बॅकफायरची ज्वाळा अडवायला मध्ये काहीच नसतं.

हवा आत येण्याची वाटही आता मोजून द्यायची. टोपण बिनभोकाचं लावा आणि एअर क्लीनरच्या गाळलेल्या बाजूपासून टॅपेट कव्हरपर्यंत होज आणून तिच्यात साडेतीन-चार मिमी भोकाची चकती बसवा. स्लोवर यू-नळीतलं पाणी 20 ते 50 मिमी आत ओढलं जावं. 100 च्या पुढे गेलं तर मागच्या आट्यांतून धूळ आत येईल. भोक थोडं मोठं करा. वाढीव हवेमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून एसयू कार्बोरेटरचा जेट नट एकेक पैलू खाली घ्या, सोलेक्स असेल तर मिक्श्चर स्क्रू थोडा उघडा, आणि मग स्लो पुन्हा लावा.

पावसाळ्यात टोपणाखाली दुधाळ मलई दिसली की हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरू नका. कोथरूड ते डेक्कन एवढ्याच फेरीत ऑइल तापत नाही आणि वाफ टोपणाला जमते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आणि रेडिएटरचं पाणी जागेवर असेल तर हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडपर्यंत जाऊन या. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडतो तेव्हा व्हॅक्यूम पडतो आणि गॅस सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे व्यवस्थेची खरी परीक्षाही तिथेच होते. वर थांबून इंजिन गार होऊ द्या आणि एअर क्लीनर उघडा. फिल्टरला ऑइल लागलेलं असेल तर गॅस उलटा तिकडे जातोय. व्हॉल्व्ह लहान पडतोय किंवा रिंगांची वेळ आली आहे, आणि चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे यांतलं कोणतं ते सांगतील.