सही अडली, समज शाबूत होती

रबाळे एमआयडीसीतल्या एका सीएनसी (संगणकचलित यंत्रांवरच्या) जॉबवर्कच्या गाळ्यातून सकाळीच मला, त्यांच्या सल्लागाराला, सुपरवायझरचा फोन आला. मालकांना रात्री अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. "साहेब, परवा पगार आहे. चेकबुक कपाटात आहे, पण सही कोण करणार?"

धंदा प्रोप्रायटरशिपचा, म्हणजे कायद्याच्या लेखी माणूस आणि धंदा एकच. खात्यावर मालकांच्या पत्नीचं, म्हणजे वहिनींचं, नॉमिनेशन होतं, पण नॉमिनीचा हक्क खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो. दवाखान्यात जमलेल्या नातेवाइकांचा एकच धोशा होता, पॉवर ऑफ अटर्नी (मुखत्यारपत्र) करून घ्या. खरी मेख तिथेच आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार अधिकार देणाऱ्याची समज गेली की पॉवर ऑफ अटर्नीही संपते. ज्या दिवसासाठी ती करायची, नेमक्या त्याच दिवशी तो कागद निकामी होतो.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हात कधी हलेल हा नव्हता, यांना कळतंय का, हा होता. न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं, "डोळे मिटा. आता डाव्या हाताची दोन बोटं दाखवा." मालकांनी दाखवली. समज शाबूत आहे हे लगेच लेखी घेतलं. ते कोमात असते तर पालक नेमून घेण्यासाठी घरच्यांना उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं असतं. कारागिरांनी तोवर पगाराची वाट पाहिली नसती.

बँकेचं पहिलं उत्तर, "त्यांना शाखेत आणा." आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत: सही जमत नसेल तर अंगठ्याचा, तोही नाही तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. साक्षीदार दोन, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हे समोर ठेवल्यावर दुपारी अधिकारी शाईचं पॅड घेऊन आले. त्यांनी प्रत्येक कागद वाचून दाखवला, मालकांनी मान हलवली, मग डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. आधी पगारापुरती रक्कम, त्याच बैठकीत वहिनींच्या नावे खातं चालवायचं मँडेट, म्हणजे बँकेला दिलेलं लेखी अधिकारपत्र. तेही समज शाबूत असेपर्यंतच टिकतं, हे वहिनींना तिथेच सांगितलं.

दुसरी गाठ जीएसटीची. 3बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, चुकलं तर रोज 50 रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज, हे एक वेळ सोसवतं. पण 3बी राहिलं की पुढच्या महिन्याचं जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरता येत नाही, गिऱ्हाइकाच्या 2बी या कर-वजावटीच्या यादीत आपलं बिल दिसत नाही आणि तो पेमेंट रोखून धरतो. सलग दोन रिटर्न राहिली की माल पाठवताना लागणारं ई-वे बिलही बंद. ओटीपी येणार मालकांच्या मोबाइलवर. त्यांनी डाव्या हाताने, दोनदा चुकून, स्क्रीनवरचा पॅटर्न काढला. पोर्टलवर वहिनींना ऑथोराइज्ड सिग्नेटरी, म्हणजे सहीचा अधिकार असलेली व्यक्ती, म्हणून जोडलं. धडधाकट असताना हेच काम घरबसल्या होतं.

विम्याची फाइल उघडली तर पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी निघाली. झटका हा अपघात नव्हे, त्यामुळे तिचा उपयोग शून्य. सुदैवाने गंभीर आजारांसाठीची क्रिटिकल इलनेस पॉलिसीही होती, पण तिच्यात मेंदूची हानी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. कळवलं लगेच, एमआरआयचे रिपोर्ट जपून ठेवले. तोवर पगार, भाडं, हप्ते, लाइट बिल धंद्यातूनच काढायचं होतं. तीन महिन्यांचा खर्च एफडीत बाजूला ठेवा, असं प्रत्येक एकट्या मालकाला मी सांगतो ते याचसाठी.

मालक आता काठी घेऊन गाळ्यात येतात, धंद्याची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करायचे कागद चालू आहेत. वन पर्सन कंपनीचाही, म्हणजे एकाच सभासदाच्या कंपनीचाही, विचार झाला. तिच्यात मालक करार करायला असमर्थ झाला तरी नॉमिनी सभासद होतो, त्यासाठी मृत्यूच व्हावा लागत नाही. पण वहिनी आता रोजचा व्यवहार पाहतात, तेव्हा दोघंही एलएलपीत डेझिग्नेटेड पार्टनर (जबाबदार भागीदार) असणं बरं. पॅन बदलणार म्हणून जीएसटी नंबर नवा येईल, जुन्या नंबरवरचं कराचं क्रेडिट आयटीसी-02 हा फॉर्म भरून न्यावं लागेल, आणि मशिनच्या कर्जाला बँकेची संमती हवी. ती संमती आली की जुना जीएसटी नंबर सरेंडर करायचा, त्याआधी नाही.